काजलची पात

वैशाखरे गावच्या सुरेंद्रशेठचं मोठं खाचर पिकून पिवळं झालं होतं आणि ठाकरवाडीतल्या बायका सकाळपासून त्यात वाकल्या होत्या. प्रत्येकीनं आपली पात धरलेली. समोरचा चार हात रुंदीचा पट्टा तिचा, तो कापत कापत तिनं पलीकडच्या बांधाला लागायचं. काजलची पात जनाबाईच्या शेजारी होती. काजलचा हात लांब, मूठ मोठी. जनाबाईच्या दोन मुठी होत तोवर तिच्या तीन व्हायच्या. मग ती थांबून जनाबाईच्या पातीतलं हातभर कापून द्यायची.

"ऱ्हाऊ दे गो, मी काय म्हातारी नाय झाली," जनाबाई म्हणायची, पण कापू द्यायची.

या वाडीत काजल बुध्या म्हणून जन्मली होती. मिसरूड फुटायच्या वयात ती घर सोडून कल्याणला गेली. तिथं तिला गुरू मिळाली, साडी मिळाली, काजल हे नाव मिळालं. दुकानांपुढं हात पसरले, बारशाला नाचली, आणि पोटासाठी नाक्यावर लॉऱ्यांपाशीही उभी राहिली. अंगात आजार शिरला तोही तिथलाच. गुरू वारली, चेल्या चार दिशांना गेल्या, आणि चैत्रात काजल एक पिशवी घेऊन घरी आली. आई धोंडीबाईनं दारातच विचारलं, "जेवलीस का?" धाकटा भाऊ चांगोनं आपलं अंथरूण उचलून ओट्यावर नेलं. वाडी पंधरा दिवस हसली. मग आवणीला, भात लावायला, माणसं कमी पडली, काजल चिखलात उतरली, आणि तिचा हात बघून बायका तिला आपल्यात धरू लागल्या.

गणपतीनंतर कुजबूज सुरू झाली. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात कुणीतरी तिला 'त्या' गोळ्या घेताना बघितलं होतं. तोंडावर कुणी विचारलं नाही. फक्त पूर्वी जिथं दोघी तिघी तिला चिकटून बसत, तिथं आता थोडी जागा राहू लागली.

ऊन चढलं तसा घाम डोळ्यांत उतरला आणि काजलचा विळा डाव्या करंगळीवर बसला. कापलं खोल नव्हतं, पण रक्त भळभळलं. मुठीतलं भात लाल झालं. तिनं सवयीनं बोट तोंडात घातलं आणि मान वर केली, तर शेजारची पात रिकामी होती. जनाबाई दहा पावलं मागं सरली होती. तिच्या मागं बाकीच्या.

"त्या पेंढ्या बाजूला टाका," कुणीतरी म्हणालं.

जनाबाई पुढं आली. तिनं विळ्याच्या टोकानं काजलनं कापलेल्या भाताच्या मुठी उचलल्या आणि एकेक करून बांधापलीकडं ओढ्यात भिरकावल्या. रक्त लागलेल्या एकदोनच होत्या, पण तिनं सगळ्या टाकल्या. काजलकडं तिनं बघितलं नाही. तिचे हात थरथरत होते.

सुरेंद्रशेठ बांधावरून आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर काजलला बरं वाटलं असतं. त्यानं सगळ्यांच्या पिण्याच्या हंड्यातलं पाणी ओतून द्यायला सांगितलं आणि काजलपासून लांब उभा राहून म्हणाला, "तू जा घरी. उद्यापासून नको येऊस. या बायका काम सोडून जातील माझं."

"शेठ, असं लागत नाय. डॉक्टरनं सांगितलंय मला—"

"मला सांगू नको ते. जा."

तिनं करंगळीला पदराची चिंधी गुंडाळली आणि खाचरातून बाहेर आली. बांधावर बसलेली पोरं उठून लांब पळाली. तिच्या मागं विळे पुन्हा चालू झाले. तो करकर आवाज तिला वाडीपर्यंत ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुडाच्या आडोशाला गोधडीवर ती भिंतीकडं तोंड करून पडायची. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता. फक्त हात उचलायचा म्हटलं तरी तो ओल्या गोणपाटासारखा जड लागायचा. आई भाकरी ठेवायची, ती तशीच वाळायची. गोळ्यांचा डबा उशाशी होता, तिनं तो उघडायचं सोडलं. तिनं केस विंचरले नाहीत, दाढी केली नाही. हनुवटीवर खुंट उगवले. हात लागला की तिला आपलीच शिसारी यायची आणि ती पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. एवढी वर्षं जिवावर उदार होऊन जी काजल तिनं उभी केली होती, ती बघता बघता विरत चालली होती.

चांगो कामावरून यायचा, जेवायचा, बाहेर जायचा. एकदा तो आईला म्हणाला, "धसईची माणसं मला पोरगी बघायला बोलावणार होती. आता निरोपच येत नाय."

"मग काय करू मी?" धोंडीबाई म्हणाली.

"काय नाय. सांगितलं."

कुडापलीकडं काजलनं ते ऐकलं. तिला वाईटही वाटलं नाही. तिला वाटलं, बरोबर बोलतो. मी नसते तर सगळं सुरळीत होईल. हा विचार तिच्या मनात इतका शांतपणे आला की तिला त्याचं भय वाटलं नाही. तो रोज यायला लागला, घरातल्या माणसासारखा.

धोंडीबाईनं आपल्या परीनं केलं. भगत आणला. त्यानं तांदूळ टाकले, बाहेरचं आहे म्हणाला, कोंबडं मागितलं. कोंबडं गेलं, काजल तशीच राहिली.

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती उठली आणि डोंगराकडच्या पाझर तलावाच्या वाटेला लागली. पायात चप्पल नव्हती. तलावाच्या भिंतीवर ती बसली. पाणी हिरवं, स्थिर होतं. बराच वेळ गेला. मागं काटक्या मोडल्याचा आवाज झाला. धोंडीबाई कोयत्यानं लाकडं तोडत होती. ती केव्हापासून मागं होती कोण जाणे. तोडत राहिली, रचत राहिली. मग तिनं भारा बांधला. तो तिच्या वयाच्या बाईला पेलणारा नव्हताच.

"लय झाला गो," ती म्हणाली. "माझ्यानं नाय उचलणार. डोक्यावर दे."

काजल बसूनच राहिली. आई भाऱ्यापाशी उभी राहिली. शेवटी काजल उठली. तिनं भारा आईच्या डोक्यावर दिला नाही, आपल्याच घेतला. उतारावर आई पुढं चालत होती आणि वळून वळून बघत होती, लाकडाकडं बघितल्यासारखं करून.

काजलचा गोळ्या न्यायचा दिवस चुकला म्हणून त्या आठवड्यात जयश्री आली. ती टोकावड्याची. पूर्वी माळशेजच्या रस्त्यावर धाब्यांपाशी उभी राहणारी बाई म्हणून सगळा मुलूख तिला ओळखत होता. आता एका संस्थेच्या कामावर होती, स्कूटीवरून गावोगाव फिरून तिच्यासारख्यांची चौकशी करायची. वाडीतल्या बायका दारं लोटून फटीतून बघू लागल्या. जयश्रीनं स्कूटी बरोबर मधोमध लावली, कुडाच्या आत शिरली आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

"वास येतोय तुला," ती म्हणाली. "अंघोळ कधी केलीस?"

काजलनं पदर नाकापर्यंत ओढला.

"गोळ्या?"

काजलचे डोळे उशाशी पडलेल्या बंद डब्याकडं गेले.

जयश्रीनं तिच्या पायावर हात ठेवला. तो तिनं उचलला नाही. मग तिनं साध्या आवाजात, मीठ आहे का घरात असं विचारावं तसं विचारलं, "काजल, मरावंसं वाटतं का तुला?"

इतक्या दिवसांत कुणी हा शब्द काढला नव्हता. आईनंसुद्धा नाही.

"तळ्यावर गेलेली," काजल म्हणाली. "आई आली मागं."

धोंडीबाई दारातून आत येऊन काजलच्या उशाशी बसली.

"मी पन गेलेली," जयश्री म्हणाली. "तळ्यावर नाय, दुसरीकडं. तुला वाटतं तू वाईट आहेस म्हणून असं होतंय. मला पन तसंच वाटायचं. आजार आहे गो हा, मनाचा. तो वेगळा, हा वेगळा. त्याची गोळी मिळते तशी याची पन मिळते."

"अजून एक गोळी," काजल म्हणाली आणि तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "पोट भरंल आता गोळ्यांनीच."

"भरू दे. उठ. आये, पानी तापव."

धोंडीबाईनं चूल पेटवली. काजलनं अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी कुडाशी उभी राहून आईकडं ब्लेड आणि आरसा मागितला. आईनं आरसा धरला. तो हलत होता, आणि काजलला हनुवटीवर दोन ठिकाणी लागलं. आईनं आपल्या पदरानं ते टिपलं. लुगड्यावर डाग पडला तो तिनं धुतलाही नाही लगेच.

मुरबाडला मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई ठरल्या दिवशी बसत. जयश्रीनं काजलला मागं बसवून नेलं. बाईंनी घाई केली नाही. झोप, भूक, रडू, तळं, सगळं विचारलं. काजलनं पहिल्यांदा गुरूच्या मरणाचं सांगितलं, नाक्यावरच्या एका पावसाळ्याचं सांगितलं, ओढ्यात भिरकावलेल्या भाताचं सांगितलं. आजाराच्या बंद पडलेल्या गोळ्या बाईंनी त्याच दिवशी पुन्हा सुरू करवल्या आणि म्हणाल्या, "मनाच्या गोळीचा गुण यायला वेळ लागेल. तोवर रोज थोडं चालायचं, आणि एकटं राहायचं नाही."

पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. तोंड कोरडं पडायचं, झोप झोप यायची. मग एका सकाळी काजलला भाकरीचा वास आला आणि भूक लागली. एवढंच. पण ती भाकरी तिनं तव्यावरूनच उचलली आणि धोंडीबाई दुसरी थापायला लागली.

मंगळवारी टोकावड्याला बंद पडलेल्या पिठाच्या चक्कीमागं जयश्रीची बैठक असायची. धाब्यांवरच्या दोघी यायच्या, जयंती आणि छाया. गुणाबाई यायची. तिचा नवरा गाडीवर ड्रायव्हर होता, तो या आजारानं गेल्यावर सासरच्यांनी तिला काढलं आणि ती धाब्यावर भांडी घासून राहत होती. तिथं भाषण नसायचं. कोण जेवलं, कोण झोपलं, कुणाच्या मनात काय वाईट आलं, एवढंच बोलायचं, आणि बोललेलं बाहेर न्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला काजलनं सुरेंद्रशेठ बांधावरून कसा येतो ते चालून दाखवलं, पोट पुढं, धोतराला हात. गुणाबाई हसता हसता उलथी झाली. आपण कुणाला हसवू शकतो हे काजलला आठवलं.

दिवाळी झाली. डोंगराखाली त्यांचं स्वतःचं छोटं खाचर होतं, बापानं दगड उपसून केलेलं. घरचं वर्षाचं खाणं तेच. वाडीत कापणी पडजीनं चालायची, आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या. भात पिकून कलंडलं, दाणा गळायला लागला, तरी त्यांच्या शेतावर कुणी आलं नाही. त्यात आभाळ भरून आलं. माळशेजच्या अंगानं काळं दिसू लागलं.

चांगो घरोघर फिरून आला आणि ओट्यावर बसला.

"कोन येत नाय," तो म्हणाला.

"माझ्यामुळं," काजल म्हणाली.

"मी बोललो का तसं?"

"नाय बोललास. पन तसंच आहे." तिनं वळचणीत खोचलेला विळा काढला, अंगठ्यावर धार बघितली. "चल. तिघं तर आहोत."

तिघं तर तिघं. धोंडीबाईनं कडेची पात धरली, काजलनं मधली. दुपारपर्यंत एका कोपऱ्याएवढंच उरकलं. आभाळ आणखी खाली आलं. तेव्हा काजल बांधावर गेली, चांगोचा फोन घेतला आणि जयश्रीला लावला. मदत मागायची तिला सवय नव्हती. कल्याणला पैसे मागितले होते, मदत कधी नाही.

"ताई, भात कापायला येता येईल का कुनाला? पाऊस येतोय."

तासाभरात रस्त्यावर जीप थांबली. जयश्री उतरली, गुणाबाई उतरली, आणि त्यांच्या मागून जयंती आणि छाया, ओठ रंगवलेले, हातात नवे विळे. वाडी बघायला बाहेर आली. धाब्यावरच्या बाया ठाकराच्या शेतात. चांगोचं तोंड उतरलं. तो काजलकडं आला.

"यांना कशाला?"

"यांनी विचारलं नाय मला, की तुझ्याकडं कशाला," काजल म्हणाली.

चांगोनं वाडीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. मग खाली वाकून त्यानं पेंढ्या बांधायला घेतल्या.

काजलनं पाती वाटून दिल्या. छाया मुळातली शहापूरकडची, भातातच वाढलेली, ती सरसर कापत निघाली. जयंतीला येत नव्हतं, तिला काजलनं मनगट धरून शिकवलं, मूठ कशी धरायची, विळा आपल्याकडं कसा ओढायचा. गुणाबाईनं मध्येच सुरेंद्रशेठची चाल करून दाखवली आणि सगळी फळी वाकल्या वाकल्या हसली. अंधारायला आलं तोवर अर्धं खाचर आडवं झालं. सगळ्या धोंडीबाईच्या घरी जेवल्या, तिथंच झोपल्या, आणि उजाडताच पुन्हा उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्रशेठ बांधावर येऊन उभा राहिला. त्याचं वरचं खाचर अजून उभं होतं, बायका पडजीत गुंतल्या होत्या आणि आभाळ थांबणार नव्हतं. तो बराच वेळ यांचं काम बघत राहिला.

"बुध्या," त्यानं हाक मारली. "इथलं झालं की माझ्याकडं याल का सगळ्या?"

धोंडीबाई कंबर धरून सरळ झाली. आजवर बाहेरच्यांपुढं तिनंही बुध्याच म्हटलं होतं. "कोन बुध्या?" ती म्हणाली. "काजल नाव आहे तिचं. माझी पोरगी आहे."

सुरेंद्रशेठनं घसा खाकरला. काजल पुढं आली. टाळी वाजवून त्याला वाटेला लावावं असं तिच्या हातांना वाटून गेलं होतं, पण हातात विळा होता आणि तिला ते गरजेचंही वाटेना.

"येऊ, शेठ," ती म्हणाली. "पन सगळ्या येऊ. एकीला पन परत पाठवलंत तर सगळ्या परत. पानी एकाच हंड्यातलं. आणि त्या दिवशीचं माझं भात ओढ्यात गेलं, त्यावर तुमच्या तोंडून एक शब्द पायजे."

"चुकलं," तो म्हणाला. शब्द त्याच्या तोंडून अवघडून निघाला, पण निघाला. "भ्यालो मी पन."

"या उद्या बघायला. कसं कापतो ते बघा," काजल म्हणाली आणि पातीकडं वळली.

दुपारनंतर जनाबाई आली. विळा घेऊन, एकटी. तिनं अगदी टोकाची पात धरली आणि कापत कापत सरकत शेवटी काजलच्या शेजारी आली. दोघी वाकलेल्या होत्या. जनाबाईचा श्वास लागत होता.

"संदीप जेवत नाय," ती जमिनीकडं बघून म्हणाली.

संदीप तिचा एकुलता एक, गुजरात लाइनला ट्रकवर होता. तो आषाढात घरी आला होता आणि तेव्हापासून त्याला कुणी बाहेर बघितलं नव्हतं. काजलचा विळा थांबला. ओढ्यात एकेक पेंढी भिरकावणारे ते थरथरते हात तिला आता कळले.

"गोळ्या आहेत त्याच्याकडं?"

"आहेत. घेत नाय. भिंतीकडं तोंड करून पडतो. मी कुनाला बोलली नाय गो. तुझ्यावरनं माझ्या घराकडं बोट येईल म्हणून..."

काजलच्या मनात एक कडवट शब्द आला. तो बोलायचा तिला हक्क होता. ती सरळ उभी राहिली, करंगळीवरचा पांढरा व्रण तिनं चोळला, आणि तो शब्द गिळला. तिला भिंतीकडं तोंड केलेला तो पोरगा दिसत होता.

"एवढी पात संपवू," ती म्हणाली. "मग येते."

शेवटचा भारा पेंढ्यांच्या उडवीवर चढला आणि चांगोनं वर प्लास्टिक ओढलं, तेवढ्यात टपोरे थेंब आले. बायका हसत वाडीकडं पळाल्या. काजल मात्र तशीच भिजत जनाबाईच्या घरी गेली. संदीपच्या अंथरुणाशी ती बसली. तो बघेना.

"तुला काय माहीत?" शेवटी तो म्हणाला.

"तुझ्याच लॉरीला हात केला असंल मी कधीतरी," ती म्हणाली. "मला नाय तर कुनाला माहीत?"

तो वळला. हसला नाही, पण वळला. मग ती बसून राहिली, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना तो बोलत राहिला. जनाबाई दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत होती. शुक्रवारी जयश्रीच्या स्कूटीवर संदीप मुरबाडला गेला. गोळ्यांचा गुण यायला त्यालाही वेळ लागला. काजल रोज संध्याकाळी त्याला शेताच्या बांधापर्यंत चालवून आणायची. तो कुरकुरत यायचा, पण यायचा.

पाऊस ओसरल्यावर सुरेंद्रशेठचं वरचं खाचर काजलच्याच फळीनं कापलं, एकाच हंड्यातलं पाणी पिऊन. मार्गशीर्षात झोडणी झाली. चक्कीमागच्या बैठकीला आता संदीप येत होता आणि कधीकधी जनाबाईही दाराशी बसायची. काजलच्या फळीला वैशाखऱ्यातून, पार शहापूरच्या अंगाच्या दोन गावांतून बोलावणी आली होती. खाण्यापुरतं ठेवून उरलेलं भात धसईच्या बाजारात न्यायचं ठरलं. संदीपनं एक टेंपो मिळवला आणि कित्येक महिन्यांनी स्टिअरिंगला हात लावला. काजल त्याच्या शेजारी पुढं बसली. मागं पोत्यांवर चांगो, धोंडीबाई आणि गुणाबाई.

बाजारात गर्दी होती. टेंपो थांबला तसा एक व्यापारी पुढं आला. त्यानं पुढच्या सीटवरून उतरणाऱ्या काजलकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, ओठ मुडपले आणि मागं चांगोला विचारलं, "ही कोण रे? आणि माल कुणाचा?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. त्यांत धसईच्या त्या पोरीचा बाप होता, चांगोला तो दिसला होता. धोंडीबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. चांगो पोत्यांवर उभा राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या उंचीवर.

"थोरली बहीण," तो म्हणाला. "माल घरचा आहे. भाव तिच्याशी बोला."

काजलनं पदर कमरेला खोचला, पोत्यात हात घालून मूठभर भात काढलं आणि व्यापाऱ्याच्या तळव्यावर ओतलं.

"चावून बघा," ती म्हणाली. "आणि मग बोला."